पणजी ‘हबशी’ निघाली तर कुलवृत्तांतात छापायची का?

गोदाकाठ (धागा)

मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला 2023 साली शिंदे समिती नेमली गेली, 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला, आणि मराठवाड्यात ज्याच्या त्याच्या हातात वंशावळ आली. तहसीलच्या अभिलेख कक्षाची पायरी कधी न चढलेली माणसं आता नकलेचा अर्ज तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण कागद काढायला गेलं की हवा तेवढाच निघतो असं नाही. कुणाच्या इनामाच्या मुन्तखबात, म्हणजे इनाम कुणाचं ते ठरवणाऱ्या हुकुमात, पणजोबांच्या दुसऱ्या बायकोपुढे ‘हबशन’ लिहिलेलं असतं. कुणाच्या वारसनोंदीत बापाच्या नावापुढे ‘अरब’ असतं. जालन्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घराला बाप्तिस्म्याच्या वहीत बाप म्हणून छावणीतला गोरा सार्जंट सापडतो.

आपल्या भागात यात नवल काहीच नाही. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं संभाजीनगर, 1610 च्या सुमारास वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याची कबर खुलताबादला आहे, बायको बीबी करीमाचीही तिथंच. निजामाच्या पदरी येमेनातल्या हद्रमौतहून आलेले अरब जमादार पिढ्यानपिढ्या इथंच राहिले आणि त्यांची लग्नं इथल्याच बायकांशी झाली. जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई आणि औरंगाबाद इथं पलटणींच्या छावण्या होत्या.

माझं मत सरळ आहे. एकमेकांवर न विसंबलेले दोन कागद तेच सांगत असतील तर कुलवृत्तांतात इतर नोंदींसारखं तेही छापावं. ‘मूळ पुरुष चितोडहून आला’ हे वाक्य आपण एका चिठोऱ्याशिवाय छापतो. हबशी पणजीला मात्र साक्षीदार मागतो. का बरं?

शिकस्ता

दोन कागद ठीक, पण वाचले कुणी? विरोध छापण्याला नाही, घाईघाईच्या वाचनाला आहे. 1880 च्या दशकाआधीचं सरकारी दप्तर फारशीत, नंतरचं उर्दूत, आणि दोन्हींत कारकुनाचं अक्षर शिकस्ता, म्हणजे घाईचं मोडकं वळण. त्यात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, गाळण्याची खोड. ‘हबशी’ लिहिताना हे, मग बेचा एक दात, मग शीन, मग ये. शीनचे दात ओढून लांब रेघ केली आणि नुक्ते उडवले की हे, दात, रेघ, ये एवढंच उरतं. ‘चिश्ती’त (हे सुफी परंपरेचं नाव) तोच दात रेघेच्या नंतर येतो. ‘हसनी’तही नंतरच. त्यामुळे चिश्ती आणि हसनी बिननुक्त्याचे हुबेहूब एक दिसतात, आणि हबशीपासून त्यांचा फरक फक्त एका दाताच्या जागेचा. आता सांगा, खुलताबादच्या दर्ग्यांच्या इनामी कागदात हबशी निघण्याची शक्यता जास्त की चिश्ती?

‘सीदी’चं, म्हणजे हबशांच्या दुसऱ्या नावाचं, तर त्याहून वाईट. सीन-ये-दाल म्हणजे सय्यद. शेवटी आणखी एक ये जोडला की सीदी. कारकुनाने दालची शेपटी जरा लांबवली की सय्यद घराणं आफ्रिकेला जातं. उलटही होतं: सीदी वर चढून सय्यद होतात, आणि त्या चुकीबद्दल कुणी तक्रार करत नाही.

म्हणून एकट्या शब्दाचा फोटो वाचकाकडे पाठवू नका. अख्खं पान पाठवा. त्याच कारकुनाने ‘ब’ आणि ‘श’ असलेले दुसरे शब्द, ‘बख्श’, ‘बाशिंदा’ कसे लिहिलेत ते जुळवल्याशिवाय वाचन धरायचं नाही.

जुनं दप्तर

शिकस्ता साहेबांशी वाचनाबद्दल वाद नाही. पण नोंद एका शब्दावर उभी नसते, आजूबाजूची नावंही बघा की. अंबर, याकूत, मरजान, संबल, रेहान, जौहर, अल्मास. सुगंधाची आणि रत्नांची ही नावं हबशी गुलामांना देण्याची रीतच होती. एका शजऱ्यात, म्हणजे वंशावळीत, बाप याकूत, भाऊ मरजान आणि मुलगी ‘हबशन’ असं असेल, तर दात रेघेच्या आधी की नंतर यावर अडून बसण्यात अर्थ नाही. एकटं ‘फिरोज’ किंवा ‘अंबर’ मात्र काहीच सिद्ध करत नाही.

साल लावतानाच निम्मे लोक घसरतात. निजामी फसली, म्हणजे महसुली साल, आझर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून लागते. डिसेंबरपर्यंतच्या तारखेला 590 मिळवा, पुढच्या महिन्यांना 591. 1320 फसलीचा तीर महिना म्हणजे मे 1911. त्याच पानावर 1320 हिजरी असेल तर ते 1902-03. नऊ वर्षांचा फरक पडतो, आणि एकाच नावाचे आजोबा-नातू असलेल्या घरात तेवढ्यावर पिढी बदलते.

आणि खासरा पाहणीवर विसंबू नका. 1954-55 च्या खासऱ्यात कब्जेदार सापडतो, त्याची आई सापडत नाही. बाई शोधायची तर इनामाच्या चौकशीत शोधा. 1952 च्या हैदराबाद अतियात (म्हणजे इनामं) चौकशी कायद्याखाली जे वारसहक्काचे वाद चालले, त्यांच्या फायलींत शजरा जोडलेला असतो: बायका, मुली, कोण कुणाच्या पोटचं, सगळं. जिल्हाधिकारी कार्यालयात इनाम शाखेला मागा. तिथं नसेल तर संभाजीनगरचं पुराभिलेखागार, आणि जुन्या फारशी सनदांसाठी हैदराबादेत तारनाक्याचं.

परभणी वकील

याच फायलींबद्दल सावध राहा म्हणून लिहितो. इनामाच्या भांडणात एका बायकोची पोरं दुसऱ्या बायकोच्या पोरांचा हक्क उडवायला काय लिहितील? ती मनकूहा (निकाहाची बायको) नव्हती, खवास (ठेवलेली) होती, बांदी (दासी) होती, हबशन होती. हे प्रतिपक्षाच्या अर्जातलं वर्णन. नक्कल काढणारा तेवढंच पान काढतो, कारण चमचमीत तेच असतं. निकालपत्रातला निष्कर्ष, साक्षीदारांचे जबाब आणि अपील झालं असल्यास अपिलाचा हुकूम, हे तिन्ही काढल्याशिवाय तो पुरावा नाही, ती शिवी आहे.

‘अरब’चंही तसंच. अरब जमादार आणि रोहिले सावकारी करत. जमीन गहाण घेत. सात-बाराच्या आधीच्या कागदात तुमच्या सर्व्हे नंबरवर अरबाचं नाव आलं म्हणजे तो खापरपणजोबा झाला काय? बहुतेक वेळा तो सावकार असतो. शिवाय अरबांच्या जमियतीत, म्हणजे फौजेच्या तुकडीत, सीदीही नोकरीला असत. पगारपत्रकातला ‘अरब’ ही तुकडीची खूण आहे, वंशाची नाही.

सगळे एकच

अहो, एवढा काथ्याकूट कशाला? सगळे भारतीय मिश्रच आहेत. 2009 आणि 2013 च्या जनुकीय अभ्यासांनीच सांगितलंय. विषय संपला.

गुणसूत्र

विषय संपत नाही. त्या अभ्यासांतलं मिसळणं साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते जवळजवळ सगळ्यांना लागू आहे. इथं प्रश्न दीडशे वर्षांतल्या एका बाईचा आहे. दोन्ही एका पोत्यात भरले की त्या बाईचं नाव पुन्हा गायब होतं.

कागद डगमगत असेल तर चाचणी करता येते, पण कुणाची करायची हे आधी ठरवा. लोक हमखास चुकतात ते इथंच. आजोबांची आई हबशी होती का हे बघायचंय आणि नातू स्वतःची थुंकी पाठवतो, अहवालात मातृवंश निघतो त्याच्या आईच्या आईच्या आईचा. वाय गुणसूत्र बाप-आजा-पणजा या ओळीचं. पणजी दोन्हींत नाही. तिचा मातृवंश आजोबांपर्यंत आला आणि त्यांच्यापाशी थांबला. तो हवा असेल तर आजोबांची सख्खी बहीण शोधा, तिच्या मुलीची मुलगी किंवा मुलगा शोधा, आणि चाचणी त्यांची करा. मधे एकही मुलगा आला की साखळी तुटते.

निकालात एल0, एल1, एल2 किंवा एल3 च्या एल3ई, एल3एफ अशा शाखा आल्या तर मातृवंश आफ्रिकेचा, हे जवळपास पक्कं. एम आणि आर आले तर बहुतेक इथलाच. ‘बहुतेक’ म्हणतो, कारण इथिओपियात एम1 आहे, आणि तिथल्या मातृवंशांचा मोठा भाग आफ्रिकेबाहेरच्या शाखांचा आहे. एल निघाला नाही म्हणून ती बाई हबशी नव्हती असं होत नाही.

टक्क्यांचा हिशेब: पणजी पूर्ण आफ्रिकन असेल तर पणतूत सरासरी 12.5 टक्के, खापरपणजी असेल तर 6.25, त्याआधीची 3.125. प्रत्यक्षात आकडा वर-खाली होतो. सख्ख्या भावंडांतही सारखा येत नाही. एक-दोन टक्के ‘आफ्रिका’ आलं तर त्याला गोंगाट समजा, कारण कंपन्यांच्या तुलनेच्या नमुन्यांत दख्खनची माणसं फार थोडी असतात. टक्क्यापेक्षा तुकडे बघा: एकाच गुणसूत्रावर 20-30 सेंटीमॉर्गनचा (हे जनुकीय लांबीचं माप) सलग तुकडा असेल तर दम आहे, तीन-तीन सेंटीमॉर्गनचे चुरे असतील तर नाही. आणि मलिक अंबरचे वंशज असल्याचं कुणी थुंकीवरून सिद्ध करू म्हणत असेल तर हात जोडा. चारशे वर्षं म्हणजे चौदा-पंधरा पिढ्या; चौदाव्या पिढीला कागदावर 16,384 पूर्वज होतात आणि त्यातल्या बहुतेकांचा एक कणही आपल्यात उरत नाही.

थुंकी देताना आधी अर्धा तास खाणं-पिणं नाही, तंबाखू-गुटखा तर नाहीच. नळीवरच्या रेषेपर्यंत द्रव भरला पाहिजे, वरचा फेस मोजायचा नाही.

किनवटवाला

सिकलसेल निघाला म्हणजे आफ्रिकन रक्त, असं आमच्याकडे काही जण ठोकून देतात. ते यातून आधी काढा.

गुणसूत्र

बरोबर. आपल्याकडचा सिकलसेल मुख्यतः अरब-भारतीय हॅप्लोटाइपचा, म्हणजे त्या जनुकीय ठशाचा. आफ्रिकेत बेनिन, बांटू, सेनेगल, कॅमेरून असे वेगळे. किनवट-माहूरच्या आदिवासींतला सिकलसेल हबशी वंशाचा पुरावा होत नाही. कुरळे केस आणि रंग तर त्याहून नाही.

आणखी एक. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत जुळण्या फुगतात. खापरपणजोबा एक असलेल्या चुलतभावंडांत सरासरी 73 सेंटीमॉर्गन जुळायला हवे, तिथं दुपटीने जुळतात, आणि मग लांबचा नातेवाईक जवळचा वाटून वंशवृक्षात चुकीच्या फांदीवर बसवला जातो.

बीडची लेक

इतकं सगळं लिहिलंत, पण छापण्याच्या प्रश्नाला बगल दिलीत. माझा विरोध आहे, आणि तो वाचनापुरता नाही.

कुलवृत्तांत मेलेल्यांचा असतो, पण वाचतात जिवंत माणसं. त्यात लग्नाची मुलं-मुली असतात. ‘गोदाकाठ’ दादांनी एका बाईबद्दल एक शब्द छापला की तिच्या खालच्या सत्तर जणांच्या नावापुढे तो लागतो, आणि सत्तरांना कुणी विचारलेलं नसतं. थुंकीचं तर आणखी. एकाने दिली की त्याच्या सख्ख्या-चुलत सगळ्यांची अर्धी-पाव माहिती गेली. 2023 साली अशा चाचण्या करणाऱ्या ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीतून सुमारे 69 लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च 2025 मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आजोबांच्या बहिणीच्या नातीला नळी पाठवताना हे कोण सांगणार?

दुसरं म्हणजे, ‘हबशन’ एवढंच छापणार? पणजोबांच्या नावापुढे किताब, इनामाचे बिघे, मरणाची तिथी. तिच्या पुढे फक्त वंश. हा कुठला न्याय?

गोदाकाठ

ताई, संमतीचा मुद्दा मान्य. चाचणीचे निकाल छापूच नयेत. हयात माणसाचं नाव आणि टक्के एका ओळीत तर कधीच नाही. कागद मात्र सरकारी दप्तरातला, शंभर वर्षांचा, कुणीही नक्कल मागू शकतो असा. तो दाबला म्हणून लपत नाही. उद्या चुलत घरातला कुणी तोच काढेल आणि भांडणात वापरेल.

जातीच्या दाखल्याची भीतीही पुष्कळदा उगाच असते. पडताळणीत जात सर्वसाधारणपणे बापाकडून धरली जाते. पणजीचा मुलूख तिथं कुणी विचारत नाही. खोटं शपथपत्र मात्र महागात पडतं. वंशावळीतून एक बायको आणि तिची पोरं गाळली आणि दुसऱ्या शाखेच्या शपथपत्रात ती निघाली, तर दोन्ही प्रकरणं अडकतात.

परभणी वकील

एवढं मात्र खरं. गाळू नका. छापा अथवा न छापा, शपथपत्रात सगळी नावं हवीत.

जालना छावणी

गोऱ्या सार्जंटचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. जालन्याची छावणी मद्रासच्या फौजेची होती, त्यामुळे बाप्तिस्मे आणि लग्नं मुंबईच्या नोंदींत शोधू नका. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात मद्रासची मालिका एन/2 आहे. एन/1 बंगाल, एन/3 मुंबई. जुन्या इंग्रज कागदांत जालन्याचं स्पेलिंग जे-ए-यू-एल-एन-ए-एच असं असतं, आजच्या स्पेलिंगने शोधलं तर हाती शून्य येतं. बापाचं नाव, हुद्दा, पलटण मिळते. आईच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं ‘नेटिव्ह वूमन’. म्हणजे बीडच्या ताईंचा मुद्दा इथंही तोच.

बीडची लेक

तोच. नाव सापडेपर्यंत माझा विरोध कायम समजा.

शिकस्ता

मग नावच शोधू. मुसलमान घर असेल तर अतियातच्या फायलीआधी काझ्याच्या दप्तरातला सियाहा बघा. निकाहाच्या त्या नोंदीत नवरीचं नाव, तिच्या बापाचं नाव, मेहेरची रक्कम, नवरीच्या वतीने बोलणारा वकील आणि दोन साक्षीदार असतात. जुन्या वह्या बऱ्याच ठिकाणी काझी घराण्यातच राहिल्या आहेत, सरकारजमा झालेल्या नाहीत. तिथं अर्ज चालत नाही, ओळख लागते. निकाहाचं नेमकं साल माहीत नसेल तर पहिल्या मुलाच्या वयावरून पाच वर्षं मागे-पुढे घ्या. वही घरी नेऊ देणार नाहीत, पानाचा फोटो दिवसाच्या उजेडात आणि सरळ वरून घ्या, नाहीतर पाठीमागची शाई पुढच्या ओळीत मिसळते आणि पुन्हा नुक्त्यांचं भांडण सुरू होतं.