एल्कसाठी ६.५ क्रीडमूर ७०० यार्डांवर पुरते, या दाव्याला उत्तर

फ्लॅट टॉप्सचा वाटसरू

काल या चर्चेत 'सपाट उड्डाण' यांनी लिहिले की एल्कच्या (अमेरिकेतल्या हरणकुळातल्या थोराड जनावराच्या) शिकारीत मॅग्नम, म्हणजे जास्त दारूची जोरकस काडतुसे, हा आता केवळ जुन्या लोकांचा हट्ट उरला आहे, आणि चांगली दुर्बीण व अंतरमापक हाताशी असेल तर ६.५ क्रीडमूर हे हलक्या धक्क्याचे रायफल काडतूस ७०० यार्डांवरही (सुमारे ६४० मीटर) पुरते. हे वाचून एखादा नवखा माणूस ऑक्टोबरात कोलोराडोच्या डोंगरात जाईल, या काळजीने सविस्तर लिहीत आहे.

एल्कचा पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोच्या घरात जातो, आणि त्याच्या खांद्याचे हाड हरणाच्या हाडासारखे नसते. क्रीडमूरची १४३ ग्रेनची (सुमारे सव्वानऊ ग्रॅमची) गोळी २,७०० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटते तेव्हा तिच्यात सुमारे २,३०० फूट-पाउंड (गोळीचा जोर मोजण्याचे माप) ऊर्जा असते; ५०० यार्डांवर ती १,२५० च्या आसपास येते आणि ७०० वर हजाराच्या आसपास घसरते. .३०० विनचेस्टर मॅग्नम या मोठ्या काडतुसाची २०० ग्रेनची गोळी त्याच ५०० यार्डांवर १,९०० च्या पुढेमागे असते. एल्कसाठी १,५०० हवेत हा जुना ठोकताळाच आहे, हे मला मान्य आहे. पण तो पुष्कळ माणसांनी पुष्कळ रक्ताचे माग काढून बसवलेला आहे.

माझ्यापुरते सांगतो. सहा वर्षांपूर्वी संध्याकाळच्या उजेडात मी ५४० यार्डांवरच्या नरावर याच क्रीडमूरने गोळी चालवली. त्याने अंग आक्रसले आणि तो झाडीत शिरला. रक्ताचे तीन ठिपके सापडले, रात्री बर्फ पडला, आणि पुढचे दोन दिवस आम्ही तो उतार पावलापावलाने धुंडाळला, तरी तो मिळाला नाही. त्या हंगामात मी पुन्हा रायफल उचलली नाही.

सपाट उड्डाण

आपल्या दुःखाविषयी आदर आहे, पण आपली आकडेवारी समुद्रसपाटीची आहे. दहा हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की तीच गोळी ५०० यार्डांवर १,२५० ऐवजी १,४५० च्या आसपास ऊर्जा राखते, आणि ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात १५ इंच सरकण्याऐवजी ११ च्या जवळपास सरकते. कोलोराडोचा कायदा एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (इंचात नळीचा व्यास), ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड एवढेच मागतो. स्वीडनमध्ये त्याच व्यासाच्या ६.५×५५ काडतुसाने शतकाहून अधिक काळ मूस पाडले जात आहेत, आणि मूस हा एल्कचाच भाऊबंद, पण त्याहून मोठा असतो.

धक्क्याविषयी आपण एक शब्दही लिहिला नाही. .३०० चा धक्का क्रीडमूरच्या दुपटीहून अधिक असतो. माझ्या ओळखीतले चौघे जण तो खांद्यावर बसण्याआधीच डोळे मिटतात, आणि वर्षाकाठी वीस गोळ्यांपलीकडे सराव करत नाहीत. मी दर वर्षी चारशे चालवतो. शिवाय आपल्या नराला गोळी नेमकी कुठे लागली, हे आपण सांगितलेच नाही. ती पोटात लागली असेल तर .३०० ने काय निराळे घडले असते?

मोंटानातले आजोबा

तुम्ही दोघेही माझ्या मुलांच्या वयाचे आहात, म्हणून स्पष्ट बोलतो. १०० यार्डांचा कायदा ७०० यार्डांच्या गोळीची साक्ष कशी देईल? स्वीडनचे शिकारी कुत्र्यांच्या साहाय्याने मूस जवळ आणून मारतात. तो दाखला इथे लागू होत नाही. मी एकतीस वर्षे .३०-०६ आणि १८० ग्रेनची गोळी वापरत आहे, आणि माझे सर्वांत लांबचे जनावर ३१० यार्डांवरचे आहे. ६०० यार्ड कापायला गोळीला पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल पुढे टाकते, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटात उतरतो. या पावलावर कोणत्या कंपनीने काडतूस काढले आहे?

आणि या लांब पल्ल्याच्या हौसेतून आलेले मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारी पण आवाज बाजूला फेकणारी नळीच्या तोंडची जोडणी, तर बंदच व्हायला हवेत. दोन वर्षांपूर्वी शेजारी बसलेल्या तरुणाने न सांगता गोळी झाडली. तेव्हापासून माझ्या डाव्या कानात अखंड शिटी वाजते, आणि नातवंडांचे बोलणे मला अर्धेच ऐकू येते.

वऱ्हाडी चूल

ऊर्जा, वारा, धक्का, कान, सर्व झाले. पण गोळी कशाची बनलेली आहे, हे एकानेही विचारले नाही. ते मांस आपण घरी आणतो आणि मुलांच्या ताटात वाढतो. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरजूंसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण आढळले, आणि तो टाकून देण्यास सांगण्यात आले. कॅलिफोर्निया काँडोर ही मोठी गिधाडे १९८२ मध्ये जेमतेम २२ उरले होते, आणि शिकारीच्या अवशेषांतून पोटात जाणारे शिसे आजही त्यांना मारते. म्हणूनच कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्णपणे बंद आहे. मी ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नममधून तांब्याचीच गोळी वापरते.

सपाट उड्डाण

ताई, विषय काडतुसाच्या निवडीचा होता. आता आपण काँडोर घेऊन आलात! आपल्या तांब्याच्या गोळीला उमलण्यासाठी (लागल्यावर पसरण्यासाठी) ढोबळमानाने १,८०० ते २,००० फूट प्रतिसेकंद वेग लागतो. त्याखाली ती टोचणीसारखी आरपार जाते आणि जनावर मैलभर पळते. ही क्रूरता नव्हे काय? शिशाची गोळी मऊ असल्याने कमी वेगातही उमलते. मी जखमेभोवतीचे वीतभर मांस कापून टाकतो, माझी मुले धडधाकट आहेत, आणि घरात काय शिजवावे हे मला कोणी शिकवू नये.

वऱ्हाडी चूल

आपल्या मुलांविषयी मी काहीही म्हटलेले नाही, तेव्हा हा सूर आवरावा. क्ष-किरण चित्रांत शिशाचे बारीक कण वीतभराच्या पलीकडेही दिसतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, म्हणून सुरीने निघत नाहीत. माझ्या धाकट्याच्या रक्ततपासणीत शिसे थोडे अधिक निघाले, तेव्हा डॉक्टरांनी घरातल्या रंगापासून भांड्यांपर्यंत सर्व विचारले. शेवटी मी फ्रीझरमधले एल्कचे चाळीस पाउंड मांस फेकले. कारण तेच होते हे सिद्ध झाले नाही. पण ते मांस पुन्हा शिजवण्याचे धैर्य मला झाले नाही.

तांबे दूरवर उमलत नाही, हे तुमचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच माझी मर्यादा ३५० यार्ड आहे. गोळी जिथवर नीट काम करते तिथवरच अंतर न्यावे. आधी ७०० ठरवून त्याला पुरेल अशी मऊ गोळी शोधणे मला उलटे वाटते.

मोंटानातले आजोबा

माझ्या डब्यात शिशाची साठ काडतुसे शिल्लक आहेत आणि ती मी टाकून देणार नाही. निशाण्याच्या सरावाला वापरीन. नातवंडांच्या ताटातल्या मांसापुरते मात्र तुमचे ऐकावे लागेल. जुन्या नळीतून तांबे नीट बसते का, ते आधी कागदी निशाण्यावर पाहीन.

फ्लॅट टॉप्सचा वाटसरू

विरळ हवेचा मुद्दा मी गाळला, ही माझी चूक झाली. परंतु डोंगरातला वारा तक्त्यातल्या वाऱ्यासारखा एकसारखा वाहत नाही. आपण बसलेल्या कड्यावर तो डावीकडून येतो, मधल्या घळीतून वर चढतो आणि समोरच्या उतारावर उजवीकडे वळतो. अंतरमापक अंतर सांगतो. घळीतला वारा सांगत नाही. एल्कच्या छातीत नेमाला मिळणारी जागा फूट-दीड फुटाची, आणि वाऱ्याच्या अंदाजात ताशी पाच मैलांची चूक तर सर्वांचीच होते.

सपाट उड्डाण

७०० हा आकडा मी मागे घेतो. तो मी मैदानावरच्या लोखंडी पाट्यांवरून लिहिला होता, आणि पाटी पाऊल टाकत नाही. क्रीडमूर मात्र सोडणार नाही. ४०० यार्डांच्या आत, बसून, टेकू घेऊन, थंडीने बोटे आखडलेली असताना मी दहापैकी दहा गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात घालतो; .३०० ने मला ते आजवर जमलेले नाही. आणि ताई, मुलांचा विषय मीच मध्ये आणला, तो आणायला नको होता.

फ्लॅट टॉप्सचा वाटसरू

४०० वर माझा आपल्याशी वाद नाही. आणि त्या नराला गोळी कुठे लागली, असे आपण विचारले होते. ते मला आजही माहीत नाही. खांद्यावर लागली असे मी सहा वर्षे सर्वांना सांगत आलो. पण त्या तीन ठिपक्यांचा रंग पोटात लागल्यासारखा काळपट होता.