चेरीला मोहर येतो की बहर?

सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या क्वाडमध्ये, म्हणजे इमारतींमधल्या चौकोनी हिरवळीवर, चेरी फुलली आहे. मूळची अर्बोरेटम या वृक्षोद्यानातली ही झाडं 1960च्या दशकात महामार्गाच्या कामामुळे इथे हलवली. आता मार्चअखेर हिरवळीवर बसायला जागा मिळत नाही. आमच्या मराठी मंडळींत कुणी 'मोहर' लिहितं, कुणी 'फुलोरा'. योग्य शब्द कोणता?

---

मोहर नको. मोहर आंब्याचा, काजूचा. एकेका तुऱ्यावर बारीक फुलं शेकड्यांनी असतात, सुटं फूल नजरेत भरत नाही. क्वाडमधली चेरी योशिनो जातीची आहे. तिचं पाच पाकळ्यांचं फूल ठसठशीत दिसतं, झुबक्यातल्या प्रत्येक फुलाला स्वतःचा देठ असतो. कळी गुलाबी, उमलली की जवळजवळ पांढरी. पालवी मागाहून फुटते, म्हणून काळपट फांद्यांवर नुसती फुलंच फुलं. आपल्याकडे पळस, पांगारा असेच निष्पर्ण फुलतात आणि आपण सरळ 'पळस फुलला' म्हणतो. तसंच 'चेरी फुलली' म्हणावं. नाम हवंच असेल तर 'बहर'.

---

बहर म्हटलं की आम्हा डाळिंबवाल्यांना मृग, हस्त आणि आंबे बहर आठवतात. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडून बहर धरायचा, तो फळासाठी. योशिनो तर फुलांसाठीच लावतात ना?

---

हो, फळ धरलं तरी बारीक आणि कडवट. पण दादा, जाईजुईलाही बहर येतोच की, तिथे फळाचा विचार कोण करतं? मला 'बहर' हवा तो त्याच्या क्रियापदांसाठी. तो येतो, भरात असतो, ओसरतो. चेरीचा सगळा खेळ दोन आठवड्यांचा, त्यात पावसाची सर आणि वारा आला की आणखी कमी. सगळीकडे फुलं उघडलेली असतात त्या मोजक्या दिवसांना 'ऐन बहर' म्हणावं.

'फुलोरा' चुकीचा नाही, पण आमच्या घरी तो नवरात्रात देवीवर टांगलेला कडाकण्यांचा.

---

आणि खाली पडतात त्याला? सडा?

---

सडाच. फक्त प्राजक्ताचं फूल देठासकट पडतं, योशिनोच्या पाकळ्या सुट्या गळतात. म्हणून 'पाकळ्यांचा सडा' लिहा. हवेत असतानाच्या पाकळ्यांना जपानीत 'हानाफुबुकी' म्हणतात, म्हणजे फुलांचं हिमवादळ. सिॲटलकरांनी तो तसाच वापरायला हरकत नाही.