मदत हवी आहे: अंगणातली ही दोन झुडपं कोणती?

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. 2019 च्या पुरात अंगणातली बहुतेक झाडं गेली. दोन झुडपं मात्र पुन्हा मुळापासून फुटली. ती सासऱ्यांनी लावलेली. नावं त्यांनाच ठाऊक, आणि ते आता आमच्यात नाहीत.

पहिल्याला पांढरी, दुहेरी पाकळ्यांची फुलं येतात. सासूबाई त्याला अनंत म्हणतात आणि रोज देवाला वाहतात. मला मात्र ती तगर वाटते. पान तोडलं की पांढरा चीक येतो, अनंताला तो येत नाही. शिवाय अनंताचं फूल जुनं होताना पिवळं पडतं, आमचं पांढरंच गळतं. वासही मंद, तोही रात्रीच. डबल तगरच ना ही? सासूबाईंना सांगण्याआधी खात्री करायची आहे, त्यांचा जीव आहे त्या झाडावर.

खरी काळजी दुसऱ्याची आहे. अजून फूल आलेलं नाही. पानं लांब, अरुंद, चामड्यासारखी जाड, आणि एकेका पेरावर तीन-तीन. बिट्टीची पानं अशी तिनाच्या घेरात नसतात, एकेक करून फांदीभोवती येतात, म्हणून मला कण्हेर वाटते. दोन्ही विषारीच. नातू दोन वर्षांचा आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतो. सध्या भोवती जाळी लावली आहे.

फूल येईपर्यंत थांबू की आत्ताच काढू? काढायची तर फांद्यांचं काय करायचं? कण्हेर जाळली तर धूरही घातक असतो, एवढं माहीत आहे. कुणी स्वतः काढली असेल तर कृपया सविस्तर सांगा.