ओढ्याकाठच्या पायवाटा: तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेतल्या उपनगरांत राहणाऱ्या पुष्कळ जणांच्या घरामागे एखादा ओढा असतो आणि त्याच्या कडेने ग्रीनवे किंवा ट्रेल म्हणवणारी पायवाट. तिथे नेहमी चालणाऱ्यांनी लिहा. काय दिसतं, काय टाळावं, कधी जाऊच नये. ‘निसर्गरम्य’ एवढं म्हणून सोडून देऊ नका, ते फोटोतही कळतं. सुरुवात मीच करते.

रानवाट (केरी, नॉर्थ कॅरोलिना)

आमचा ब्लॅक क्रीक ग्रीनवे. दोन्ही बाजूंनी झाडी, मध्ये डांबरी वाट, शेवट लेक क्रॅबट्रीपाशी. मला पहिल्यांदा खटकले ते काँक्रीटचे गोल ओटे. वाटेच्या कडेला थोड्याथोड्या अंतरावर, काही चांगले कमरेएवढे उंच, वर लोखंडी झाकण. शेजारी निवृत्त सिव्हिल इंजिनियर राहतात, त्यांनी उलगडा केला. सांडपाणी उताराने वाहतं आणि सगळा उतार ओढ्याकडे, म्हणून मुख्य गटारवाहिन्या ओढ्याच्या काठानेच टाकतात. पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून तोंडं उंच बांधायची. वाहिनीवर घर उठवता येत नाही, दुरुस्तीच्या गाडीसाठी पट्टा मोकळा ठेवावाच लागतो. मग त्याच पट्ट्यावर पायवाट. म्हणजे आपण रोज संध्याकाळी शुद्ध हवा खायला गटारावरून चालतो! (उन्हाळ्यात अधूनमधून वासाने खात्री पटते.)

शेजारच्या रॅलेत ही कल्पना जुनी आहे. बिल फ्लोर्नॉय नावाच्या विद्यार्थ्याने 1972 मध्ये अहवाल लिहिला, त्याचा गाभा हाच की ओढ्याकाठच्या पूर येणाऱ्या जमिनी बांधकामापासून वाचवा आणि त्यांतून चालायच्या वाटा जोडून घ्या. 1996 मध्ये फ्रॅन वादळात क्रॅबट्री क्रीक पात्राबाहेर आला तेव्हा त्याच्या काठचा मोठा मॉलही त्यातून सुटला नव्हता. त्यामुळे जोराचा पाऊस झाला की वाट पाण्याखाली जाणार, हे इथे गृहीतच.

वाराखाऊ (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

अलामेडा क्रीक ट्रेल. नाइल्स कॅन्यन या दरीच्या तोंडापासून थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंत 12 मैल. दक्षिण काठ डांबरी, उत्तर काठ कच्चा, तिकडे घोडेस्वारही भेटतात. गुडघे कुरकुरत असतील तर उत्तर काठ धरा. सावली शोधू नका, बांधावर झाड औषधालाही मिळत नाही.

एकच सल्ला. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो, आणि सुटतो म्हणजे टोपी धरून चालावं लागतं. आधी खाडीच्या दिशेने चला, परतताना वारा पाठीशी. उलटं केलंत तर दमलेल्या पायांनी वाऱ्याशी झुंजायचं.

पाटबंधारे (सध्या मुक्काम कॅम्पबेल, कॅलिफोर्निया)

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहोत. सूनबाईंनी पहिल्याच आठवड्यात लॉस गॅटोस क्रीक ट्रेल दाखवून दिला, तेव्हापासून सकाळचा चहा झाला की मी तिकडेच.

वाटेला लागून मोठमोठी तळी आहेत. पोहायची नाहीत, शोभेचीही वाटेनात, काठ अगदी आखीव. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे राहवेना. फलक वाचला तर काय, पाझर तलाव! ओढ्याचं पाणी या तळ्यांत सोडायचं आणि सावकाश जमिनीत मुरू द्यायचं. या खोऱ्यात पूर्वी फळबागा होत्या, विहिरींतून बेसुमार उपसा झाला आणि सॅन होजे शहराच्या मध्यभागी जमीन सुमारे 13 फूट खचली. फूट, इंच नव्हे. पुनर्भरण आणि बाहेरून आणलेलं पाणी यांमुळे 1970 च्या सुमारास खचणं आटोक्यात आलं. आपल्याकडे पाझर तलाव म्हटलं की दुष्काळी कामं आठवतात, इथे त्याच्याकडेने लोक कानात गाणी घालून पळतात. तळ्याकडे बघायला कोणाला सवड नसते, माझ्यासारखा रिकामटेकडाच बघतो.

याच तळ्यावर एक मोठा निळसर बगळा असतो. बकध्यान लावून उभा. परवा त्याने तळहाताहून मोठा मासा उचलला, हवेत एकदा झेलून डोक्याकडून तोंडात घेतला, आणि तो फुगवटा मानेतून खाली उतरताना स्पष्ट दिसला. मग चोचीने दोनदा पाणी प्यायला आणि पुन्हा उभा. शेजारी एक चिनी आजोबा होते. त्यांना इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही, पण दोघांनीही एकदमच ‘हां!’ केलं. आता रोज हात हलवतो.

घाईत

स्टीव्हन्स क्रीक ट्रेल, माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया. सकाळी आठ ते साडेनऊ चालायला जाऊ नका. ऑफिसला निघालेले सायकलवाले ‘ऑन युअर लेफ्ट’ ओरडतात, नवखा माणूस दचकून नेमका डावीकडेच सरकतो. आईबाबा आले असतील तर हे आधी शिकवा: आवाज आला की उजवीकडेच राहायचं, वळून बघायचं नाही.

त्रिदल (न्यू जर्सी)

मी त्वचारोगाच्या दवाखान्यात काम करते, म्हणून रुक्ष माहिती. पॉयझन आयव्ही या वेलाच्या तेलाने अंगावर पुरळ उठतं. त्याला तीन-तीन पानांचा झुबका असतो, मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब. झाडावर चढलेला जुना वेल केसाळ दिसतो. हिवाळ्यात पानं गळली तरी त्या वेलाला हात लावू नये, तेल खोडातही असतं. पश्चिम किनाऱ्यावर याचंच भावंड पॉयझन ओक. पुरळ लगेच येत नाही, बहुतेकांना एकदोन दिवसांनी येतं, तेव्हा कुठे लागलं ते आठवतही नाही. ते तेल कुत्र्याच्या केसांवर, बुटांच्या नाड्यांवर टिकून राहतं. शंका आली की लगेच साबणाने धुवा, कपडेही. आणि पोरांचा चेंडू झुडपात गेला तर नवा घ्या.

चुनखडी (राउंड रॉक, टेक्सास)

ब्रशी क्रीक. गावाचं नाव ज्या दगडावरून पडलं तो गोल, सपाट माथ्याचा दगड याच ओढ्याच्या पात्रात उभा आहे. पूर्वी गाडीवाले त्याच्याजवळून ओढा ओलांडायचे, कारण तिथे पाणी उथळ. खाली चुनखडीच्या खडकात चाकांच्या चाकोऱ्या उमटल्यात, पाणी कमी असलं की दिसतात. माझ्या मुलीने त्यात पाऊल ठेवून बघितलं, अख्खं मावलं.

पण हा ओढा साधा नाही. एरवी घोटाभर पाणी, आणि वरच्या अंगाला कुठेतरी ढगफुटी झाली की इथे ऊन असतानाही लोंढा येतो. इथली जमीन उथळ, खाली खडक, पाणी मुरतच नाही. मागच्या वर्षी पूर ओसरल्यावर गेलो तर पुलाच्या कठड्यात फांद्या, प्लास्टिक आणि कोणाची तरी बागेतली खुर्ची अडकलेली. कठडा माझ्या छातीएवढा. त्या दिवसापासून मुलांना पुलाखालच्या वाटेवर एकटं सोडत नाही.

घाईत

चुनखडी, पाणी किती चढलंय हे जायच्या आधी कळायला काही मार्ग?

रानवाट

आहे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे, म्हणजे यूएसजीएसचे मापक बऱ्याच ओढ्यांवर बसवलेले आहेत, बहुतेकांवर दर पंधरा मिनिटांनी पातळी नोंदली जाते आणि ती खात्याच्या साइटवर कोणालाही बघता येते. आपल्या ओढ्याचं नाव शोधा, कोरड्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. तो चढायला लागला की वस्तीतल्या फुटपाथवरून चाला. पाटबंधारे काका, तुम्हाला ते आलेख भलतेच आवडतील.