रोडबाईकचा १० स्पीड १०५ काढून काय टाकू? फ्रेम जुनीच ठेवायचीय

बोपदेववाला:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१२ ची अ‍ॅल्युमिनियम रोडबाईक आहे, सेकंडहँड घेतलेली, शिमानो १०५ चा ५७०० ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा अख्खा संच, मागे १० चक्रं), पुढच्या चक्रांना ५०-३४ दात, मागच्या कॅसेटला ११ ते २८, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे). सपाटीला काहीच तक्रार नाही, पण सिंहगडाला गोळेवाडीच्या पुढे खडा चढ लागला की ३४-२८ वर पण उभं राहून मारावं लागतं आणि वाहनतळापर्यंत उजवा गुडघा बोलायला लागतो. वय ४३. ग्रुपमधला एकजण म्हणतो १०५ डीआयटू टाक, आता सगळं इलेक्ट्रॉनिकच आहे, दुसरा त्याच्याकडचा वापरलेला आर७००० चा (१०५ चीच नंतरची ११ स्पीड आवृत्ती) अख्खा रिम ब्रेक सेट द्यायला तयार आहे. फ्रेमवर जीव आहे, ती बदलणार नाही. काय करू?

चेनतेल:
दादा डीआयटू चा विषयच सोडा, ते १०५ मध्ये १२ स्पीडलाच आहे आणि १०५ चं १२ स्पीड फक्त डिस्क ब्रेकमध्ये येतं, तुमच्या फ्रेमवर बसणारच नाही. आर७००० घ्या डोळे मिटून. फक्त मागचं डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारं) जीएस आहे ना ते आधी बघा, म्हणजे लांब केजचं, ते ३४ दाती कॅसेट घेतं, एसएस असेल तर ३० च्या पुढे नाही. आणि चाकं बदलायला लागणार नाहीत. ११ स्पीडला नवीन हब (चाकाचा मधला भाग, ज्यावर कॅसेट बसते) लागतो असं कोणीतरी सांगेलच, पण ११-३४ ची एचजी७०० कॅसेट १० स्पीडच्या हबवर तशीच बसते, उलट ११ स्पीडच्या हबवर टाकायची तर मागे १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ रिंग) लागतो.

जुना_सायकलवाला:
थोडं मागचं सांगतो कारण त्यावरूनच निर्णय सोपा होतो. १०५ ची मजा हीच होती की वरच्या ग्रुपसेटमध्ये आलेली गोष्ट दोनचार वर्षांत आपल्या खिशाला परवडेल अशी खाली यायची. क्लिक करून गिअर बसणं ड्युरा-एसमध्ये (शिमानोचा सगळ्यात वरचा ग्रुपसेट) १९८४ ला आलं, १०५ मध्ये १९८७ ला. ११ स्पीड ड्युरा-एसला २०१२, अल्टेग्राला (त्याच्या खालचा) २०१३, आणि १०५ ला ५८०० म्हणून २०१४ ला. पण इलेक्ट्रॉनिक? ड्युरा-एस डीआयटू २००९, अल्टेग्रा २०११, आणि १०५ थेट २०२२! तेरा वर्षं. आणि आलं तेव्हा १२ स्पीडला वायरवालं, म्हणजे तारेने गिअर ओढणारं, १०५ ठेवलंच नाही, ते वर्षभराने २०२३ ला आणलं. वरच्या दोन्ही ग्रुपसेटमध्ये तर १२ स्पीडला वायरचा पर्याय आजही नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण नोकरी करून रेस मारणाऱ्या पोरांचा ग्रुपसेट होता हा, घरी बसून वायर बदलता यायची. तेव्हा हातात आलेला आर७००० सोडू नका.

आणि घाटासाठी खालचे मोठे दात आपल्याला द्यायचे ही अक्कल आधी स्रॅम या दुसऱ्या कंपनीला आली असं माझं मत, २०१० च्या एपेक्समध्ये ११-३२ दिलेलं त्यांनी.

कर्वेनगर_ते_कास:
गणित करून बघा. ६० च्या केडन्सला (मिनिटाला ६० पेडल फेऱ्या) ३४-२८ म्हणजे ताशी साधारण ९.२ किमी, ३४-३४ ला ७.६. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांना आपण ९ च्या खालीच असतो, म्हणजे आत्ता तुम्ही ६० च्या खालच्या केडन्सने लोखंड ओढताय, गुडघा दुखणारच. मी मागच्या वर्षी हाच बदल केला, बसून चढलो, श्वास लागला पण पाय गेले नाहीत. एक तोटा आहे तो पण ऐका, ११-३४ मध्ये १२ आणि १४ चे दात नसतात, ११ वरून एकदम १३, मग १५. ग्रुपमध्ये सासवड रोडला वाऱ्यात चाललोय आणि हवा तो गिअर मधेच गायब, हे जाणवतं. मला तरी चालतं.

आणि जुना सेट आहे तर शिफ्टरच्या आतल्या वायर बसवतानाच नव्या टाका. मी तीन पावसाळे बदलल्या नव्हत्या, बोपदेव उतरल्यावर वायर लिव्हरच्या आतच तुटली, मागचा गिअर ११ वर अडकला आणि कोंढव्यातून घरापर्यंत तसाच आलो. चूक माझीच, हूड (लिव्हरवरचं रबर) मागे सारून डोक्यापाशी तारा सुटल्यात का ते कधी बघितलंच नव्हतं.

चेनतेल:
+१ वायरला. चेन पण नवीन, जुन्या कॅसेटवर धावलेली नव्या कॅसेटवर नको.

बोपदेववाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्याच्याकडे जाऊन सेट बघून आलो, डिरेलरच्या आतल्या बाजूला चिखल पुसल्यावर आरडी-आर७०००-जीएस दिसलं. कॅसेट मात्र त्याची ११-२८ च आहे, आणि चेनही झिजलीये, त्या दोन्ही नव्या घेतो. शनिवारी बसवून रविवारी पहाटे गडावर, गुडघ्याचं काय झालं ते इथेच लिहितो.