मिठागरातले जिवाणू ग्राम स्टेनमध्ये फुटतात – मदत हवी आहे

मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी शिरोड्याच्या मिठागरातलं पाणी आणलं होतं. पावसाच्या तोंडावर शेवटच्या वाफ्यातलं पाणी गुलाबीसर दिसायला लागतं, तेच. २५ टक्के मिठाच्या मीडियमवर लालभडक कॉलनी छान आल्या. घोडं अडलंय ते पुढे, ग्राम स्टेनला (भिंतीच्या प्रकारानुसार जिवाणू जांभळे किंवा गुलाबी रंगवायची पद्धत).

कॉलनी मिठाच्याच पाण्यात कालवून कव्हरस्लिपखाली पाहिली तर सरळ, लांबट काड्या दिसतात, काही चक्क पळतात. साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवली की बघता बघता काड्या गायब, आणि लूपला (कॉलनी उचलायच्या कडीला) शेंबडासारखी तार येते. मिठाच्या पाण्यातच स्मिअर केला (स्लाइडवर पातळ थर पसरला) तर स्लाइडभर चौकोनी स्फटिक, आणि ते धुवायला जावं तर पेशीही वाहून जातात.

आमचे सर म्हणतात, ग्राम निगेटिव्ह (गुलाबी रंगणारा) लिही आणि मोकळा हो. पण ई. कोलायही ग्राम निगेटिव्हच, तो कुठे साध्या पाण्यात असा फुटतो? वर पेनिसिलिनच्या चकतीभोवती रिकामं वर्तुळही आलं नाही. मग याला भिंत आहे तरी कसली? आणि स्टेन करायचा कसा? जर्नलमधला ग्रामचा रकाना रिकामा आहे.

प्रतिसाद १
हे बहुतेक आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्याच गटातले एकपेशीय जीव) असणार, हॅलोबॅक्टेरियमच्या गोतावळ्यातले. नावात बॅक्टेरियम असलं तरी भिंतीत पेप्टिडोग्लायकन (बॅक्टेरियाच्या भिंतीचं जाळं) नाही, म्हणून पेनिसिलिनला धरायला काही सापडत नाही. पेशीपटलावर ग्लायकोप्रोटीनचा एकच थर असतो, एस-लेयर. त्यावर ऋणभार भरपूर, आणि सोडियम-मॅग्नेशियम भोवती असेपर्यंतच तो एकसंध राहतो. मीठ काढलं की थर सुटतो, पेशी फुटते. लूपला येणारी तार म्हणजे बाहेर पडलेला डीएनए.

स्टेनसाठी: स्मिअर मिठाच्या पाण्यातच करा, हवेवर वाळवा, आच नको. मग स्लाइड २ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये ५ मिनिटं बुडवा. पेशी फिक्स होतात आणि मीठही निघून जातं. पुन्हा वाळवून नेहमीचा ग्राम स्टेन.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. तरी सॅलिनिबॅक्टर विसरू नका. तोही लाल, तोही काडीसारखा, त्यालाही भरपूर मीठ लागतं, पण तो खराखुरा बॅक्टेरिया आहे, बाहेरच्या पटलासकट. रकान्यात 'ग्राम निगेटिव्ह (ॲसिटिक ॲसिड फिक्सेशन)' लिहा, भिंतीबद्दल १६एस सिक्वेन्स (जीव ओळखायच्या जनुकाचा क्रम) येईपर्यंत काही लिहू नका. सरांनाही ते चालेल.