क्रिकेटच्या गप्पा: नियमांचा मसुदा आणि त्यावर आलेली उत्तरं

प्रेषक: सचिव, क्रीडा समिती
विषय: आयपीएलआधी थोडं ठरवून घेऊया

नमस्कार मंडळी,

आयपीएल तोंडावर आली आहे. गेल्या मोसमात आपल्या मराठी मंडळाच्या गटातल्या क्रिकेटच्या गप्पांवरून समितीकडे बऱ्याच तक्रारी आल्या. म्हणून या वेळी पहिला चेंडू पडायच्या आधीच चार गोष्टी ठरवून घ्याव्यात असं कार्यकारिणीचं मत पडलं आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. पटत नसेल तिथे मोकळेपणाने लिहा, फक्त सगळ्यांना दिसेल असं लिहा.

आधी सोपी गोष्ट. भारतात संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना इथे डॅलसला सकाळी नऊला येतो. निम्मे लोक तेव्हा कामावर असतात. कुणी मीटिंगमध्ये, कुणी हॉस्पिटलच्या ड्युटीवर. रात्री मुलांची जेवणं उरकली की ते निवांत अख्खा सामना लावून बसतात. अशा माणसाला दुपारी एक वाजता फोनवर नुसतं 'मुंबई हरली रे' एवढं दिसलं तरी त्याच्या संध्याकाळचा विचका होतो. तेव्हा विषयाच्या ओळीत निकाल, धावा, विकेट यांतलं काहीही नको. 'मुंबई-चेन्नई, रविवार' एवढंच लिहा आणि आत मनसोक्त लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊनंतर हे बंधन नाही.

दुसरी गोष्ट खेळाडूंच्या तोंडी घातलेल्या वाक्यांची. 'रोहितने सुनावलं', 'धोनी स्पष्टच बोलला' अशी फोटोवर छापलेली वाक्यं रोज येतात. कुठे बोलला, कधी बोलला, याचा पत्ता नसतो. पत्रकार परिषदेत बोलला असेल तर तिचा व्हिडिओ सापडतो. तो स्वतः पाहिल्याशिवाय वाक्य पुढे ढकलू नका. आकड्यांचंही तेच. सरासरी लिहिताना ती कसोटीतली, वनडेतली की टी-ट्वेंटीतली हे लिहिलंत तर अर्धे वाद तिथेच मिटतील.

तिसरी गोष्ट जड आहे. २४ ऑक्टोबर २०२१ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये दुबईत पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरवलं. आपल्या एकाही गोलंदाजाला विकेट मिळाली नव्हती, पण लोक हात धुवून मागे लागले ते एकट्या मोहम्मद शमीच्या, आणि तेही धर्मावरून. पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी कर्णधार कोहली पत्रकार परिषदेत शमीच्या पाठीशी ठामपणे उभा राहिला. मग कोहलीच्या तान्ह्या मुलीबद्दल इतकं घाणेरडं लिहिलं गेलं की मुंबई पोलिसांनी हैदराबादहून एकाला अटक केली. पुढच्याच वर्षी, ४ सप्टेंबर २०२२ ला, आशिया चषकात अर्शदीप सिंगच्या हातून पाकिस्तानच्या आसिफ अलीचा झेल सुटला आणि तेविशीतल्या त्या पोराला लोकांनी खलिस्तानी ठरवलं. विकिपीडियावरच्या त्याच्या पानातही कुणीतरी तसा मजकूर घुसवला.

हे सगळं तिकडचं आहे, आपला काय संबंध, असं म्हणून भागणार नाही. यांतली काही वाक्यं जशीच्या तशी आपल्याकडेही आली होती, आणि ती आणणारे आपलेच सभासद होते.

म्हणून खेळाडूचा धर्म, जात, प्रांत, रंग, बायको-मुलं, आईवडील हे विषय पूर्ण बंद. पहिल्यांदा सूचना, दुसऱ्यांदा मोसम संपेपर्यंत लिहिणं बंद. वाचायला कुणाला मनाई नाही.

आपला,
सचिव


प्रेषक: नाना
विषय: उत्तर: आयपीएलआधी थोडं ठरवून घेऊया

सचिवमहोदय,

विषयाच्या ओळीचं मान्य. धर्म, जात, बायको-मुलं यांबद्दलही दुमत असायचं कारण नाही. माझी हरकत वेगळी आहे. असे नियम आले की हळूहळू टीकाच नकोशी होते. मग प्रत्येक पराभवानंतर 'काय हरकत नाही, चांगले खेळले' एवढंच उरतं. त्याला क्रिकेटच्या गप्पा म्हणत नाहीत.

मी वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये वाढलेला माणूस. तिथे शेजारी बसलेला शिपाई आणि बँकेतला साहेब एकाच आवाजात फलंदाजाला शहाणपण शिकवत असत. राग येतो तो जीव लागलेला असतो म्हणून. १८ जून २०१७, ओव्हल, पाकिस्तानविरुद्ध चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. फखर झमान ३ धावांवर असताना बुमराच्या चेंडूवर धोनीने झेल घेतला, आणि बुमराचं पाऊल रेषेपुढे गेल्याने निघाला नो बॉल. तोच फखर ११४ करून गेला आणि आपण १८० धावांनी हरलो. बुमरा मोठाच गोलंदाज आहे. पण त्या पावलाबद्दल बोलायचं नाही का? मी तर बोलणार.

आणखी एक. अमेरिका-भारत सामन्याच्या वेळी इथे काही जण उघड अमेरिकेच्या बाजूने लिहीत होते. मंडळ आपलं आहे, निदान तेवढं भान असावं. त्याला काही नियम आहे का?

नाना


प्रेषक: मराठी शाळेची जुनी विद्यार्थिनी
विषय: उत्तर: उत्तर: आयपीएलआधी थोडं ठरवून घेऊया

नाना आजोबा,

सा. न. अमेरिकेच्या बाजूने लिहिणाऱ्यांत मी होते, म्हणून मीच उत्तर देते.

६ जून २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या अमेरिका-पाकिस्तान सामन्याला मी ग्रँड प्रेरीच्या स्टेडियमवर होते. सामना बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ केल्या आणि पाकिस्तानसमोर चेंडू हातात घेतला सौरभ नेत्रावळकरने. पाकिस्तानला १३ च करता आल्या. माझ्या मागच्या रांगेत आपल्या मंडळातले एक काका 'आपला सौरभ, मुंबईचा सौरभ' असं ओरडत उड्या मारत होते. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच सौरभने कोहलीला शून्यावर आणि रोहितला ३ वर बाद केलं, तेव्हा इथे कुणीतरी लिहिलं की ज्या मातीने घडवलं तिच्यावरच उलटला. आठवड्याच्या आत तो आपला होता तो परका झाला.

तो २०१० मध्ये भारताकडून १९ वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, मग शिकायला कॉर्नेलला आला, इथेच नोकरीला लागला आणि नोकरी सांभाळून खेळत राहिला. शिकायला यायचं, नोकरी धरायची, इथलंच व्हायचं, हीच गोष्ट या मंडळातल्या निम्म्या घरांची आहे. माझ्या आईबाबांचीही. मी इथे जन्मले. घरी मराठी बोलते, गणपतीत ढोल वाजवते आणि अमेरिका खेळत असेल तर अमेरिकेसाठी ओरडते. यातलं काहीही मी कुणाच्या विरोधात करत नाही.

भारत तो सामना सात गडी राखून जिंकला, अर्शदीपने ९ धावांत ४ घेतले, आणि मला त्याचाही आनंद झाला होता. तो मी लिहिलाही असता, पण तोवर माझी निष्ठा तपासणं सुरू झालं होतं, म्हणून मी गप्प बसले.

नियम हवा तर असा हवा: कोण कुठल्या संघाच्या बाजूने आहे यावरून त्याचं मराठीपण किंवा देशप्रेम काढायचं नाही. मुंबईवाल्याने चेन्नईसाठी ओरडलं तरी आणि माझ्यासारखीने अमेरिकेसाठी ओरडलं तरी.


प्रेषक: ज्युनिअर संघाच्या कोच
विषय: टीका कशी करायची

नमस्कार,

मला नानांच्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे, कारण तो खरा आहे आणि मैदानावर मला तो दर रविवारी पडतो.

मागच्या मोसमात आमच्या बारा वर्षांखालच्या संघाचा सामना होता. मॅटिंगची विकेट, टेपबॉल, समोर शेजारच्या गावातला संघ. शेवटच्या षटकात लाँग ऑनला उभ्या असलेल्या आमच्या एका मुलाच्या हातून झेल सुटला. चेंडू तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर आदळून सुटला, म्हणजे हात उशिरा वर आले होते. मी हे वहीत टिपत असतानाच आमच्याच संघातला दुसरा मुलगा त्याच्यावर ओरडला, 'विकला गेलास का?' मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठून शिकलास? म्हणाला, बाबांच्या फोनवर वाचलं, सगळे असंच लिहितात. आदल्या आठवड्यात एका झेलावरून आपल्या गटात ते वाक्य आलेलं होतं.

ज्याच्या हातून झेल सुटला तो पुढचे दोन रविवार आला नाही. आईने फोन केला तेव्हा कळलं की त्याला सीमारेषेवर उभं राहायचंच नाही.

तर टीका. अर्शदीपचा तो सामना मी मुलांना षटकांनुसार दाखवते. आपण १८१ केल्या होत्या. मोहम्मद नवाझला पाकिस्तानने वर पाठवलं आणि त्याने २० चेंडूंत ४२ ठोकल्या. सामना तिथून फिरला. तो डावखुरा, आपले मधल्या षटकांतले फिरकी गोलंदाज त्याच्यापुढे अडकले. अठराव्या षटकात बिश्नोईच्या चेंडूवर झेल सुटला. शेवटच्या १२ चेंडूंत २६ हव्या होत्या आणि एकोणिसाव्या षटकात, भुवनेश्वरसारख्या अनुभवी गोलंदाजाच्या हातून, १९ गेल्या. शेवटच्या षटकासाठी फक्त ७ उरल्या. त्या वाचवायला आला तोच अर्शदीप. त्याने आसिफला पायचीत केलं आणि सामना पाचव्या चेंडूपर्यंत खेचला. आता यात टीका करायला किती जागा आहे पाहा: नवाझसमोर गोलंदाजी कुणाला द्यायला हवी होती, एकोणिसावं षटक कुणी टाकायला हवं होतं, झेल घेताना अर्शदीपचं डोकं स्थिर होतं का. यावर तासभर भांडा, मीही येईन. 'विकला गेला' म्हणणाऱ्याला यातलं काहीच पाहावं लागत नाही.

नाना, बुमराच्या पावलाबद्दल जरूर बोला. नो बॉल हा गोलंदाजाच्या ताब्यातला भाग आहे. नेट्समध्ये रेषेकडे दुर्लक्ष केलं की सामन्यात ते बाहेर येतं, हे मी मुलांना त्याच चेंडूचा व्हिडिओ दाखवून सांगते. पण त्या फायनलनंतर जयपूरच्या वाहतूक पोलिसांनी त्याच्या त्या पावलाचा फोटो 'रेषा ओलांडू नका' अशा जाहिरातीला वापरला, तेव्हा देशासाठी खेळून हेच मिळतं का, या अर्थाचं त्याला जाहीरपणे लिहावं लागलं. पावलाबद्दल बोलणं आणि माणसाला चौकात टांगणं यांतली सीमा मुलांनाही कळते, आपण दाखवली तर.

आणि नॉर्थ स्टँडचं नाव निघालंच आहे म्हणून हार्दिक पांड्याबद्दल. २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहितच्या जागी त्याला मुंबईचा कर्णधार केलं. निर्णय मालकांचा होता, हुर्यो उडाली ती त्याची, आणि तीही घरच्या वानखेडेवर. टॉसच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्याच सामन्यात रोहित स्वतः हाताने खुणा करून प्रेक्षकांना थांबवत होता. आपल्या गटातही तेव्हा हार्दिकच्या घटस्फोटाच्या अफवांपर्यंत मजल गेली होती. २९ जूनला बार्बाडोसला, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलमध्ये, शेवटच्या षटकात १६ वाचवायला चेंडू त्याच्याच हातात दिला. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, आपण ७ धावांनी जिंकलो आणि ४ जुलैला वानखेडेवर लोक त्याच्या नावाचा गजर करत होते. मला त्या गजराचा आनंद झाला. पण माझ्या मुलांनी विचारलं, 'मग आधी त्याचं काय चुकलं होतं?' मला उत्तर देता आलं नाही.

शेवटचं, मुलींच्या वतीने. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला. त्या रात्री इथे अभिनंदनाचा पूर आला, फार बरं वाटलं. त्याआधीच्या सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं लक्ष्य गाठताना जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ काढल्या. त्या खेळीवर मात्र माझ्याशिवाय कुणीच लिहिलं नाही. माझ्या संघातल्या मुली हे वाचतात. सामना असेल तेव्हा महिलांच्या क्रिकेटवरही तसंच भांडा, क्षेत्ररक्षणावर, गोलंदाजीच्या बदलांवर. कोण कशी दिसते यावर एक अक्षर नको.


प्रेषक: खजिनदार
विषय: लिंका आणि पैसे

थोडक्यात: चोरट्या प्रक्षेपणाच्या लिंका इथे टाकू नका. त्यांतून दोघांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, शिवाय जबाबदारी मंडळावर येते. पैज लावायच्या अ‍ॅपचे कोड, 'आजची टीम घ्या' वगैरेही नको. मुलं वाचतात हे वर आलंच आहे.


प्रेषक: नाना
विषय: उत्तर: टीका कशी करायची

कोचबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. षटकांनुसार भांडायचं असेल तर मी पहिला. आणि त्या मुलाला या रविवारी घेऊन या, मी जुना स्लिपचा क्षेत्ररक्षक आहे. उंच झेल मात्र मला जमत नाहीत, ते तुम्ही बघा.

पोरी, तुझं म्हणणं मला सगळं पटलेलं नाही. भारत खेळत असताना माझ्या घरात दुसरा झेंडा दिसला की मला त्रास होतो, आणि तो होणारच. पण तो माझ्या घरातला मामला. तुझी निष्ठा काढायचा हक्क मला नाही. तू लिहीत जा.

सचिवांना एकच अट: नियम कार्यकारिणीतल्यांनाही तितकाच लागू असावा.

नाना


प्रेषक: सचिव, क्रीडा समिती
विषय: नियम नक्की झाले

मंडळी,

नानांची अट मान्य. कार्यकारिणीतल्या कुणाबद्दल तक्रार असेल तर ती पाहायचं काम कोचबाई आणि मंडळाचे माजी अध्यक्ष करतील, दोघांनी होकार दिला आहे.

मूळ मसुद्यात चार भर पडल्या. संघाच्या निवडीवरून कुणाची निष्ठा काढायची नाही. 'विकला गेला', 'फिक्सिंग' असे आरोप चौकशी किंवा कारवाई झालेली असेल तरच लिहायचे, आणि कुठली ते सांगून. महिला खेळाडूंच्या दिसण्यावर बोलायचं नाही. लिंका आणि पैजा बंद.

एका मुद्द्यावर एकमत झालं नाही. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी राजकारण किती चालवून घ्यायचं यावर कार्यकारिणीत सरळ दोन तट आहेत. पुढच्या सभेत तो विषय पहिला ठेवला आहे. तोवर त्या दिवशीची पत्रं मी आधी वाचून मगच पुढे सोडेन. उशीर होईल, सांभाळून घ्या.

नियम शनिवारपासून लागू. पहिल्या सामन्याचा विषय मीच सुरू करतो, त्यात निकाल नसेल.

सचिव